ओढा बुजवला तर ओढा परत द्या: नॉर्थ कॅरोलायनातली भरपाई कशी चालते आणि कुठे फसते

प्रश्न असा आहे: अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनामध्ये रस्ता किंवा वसाहत होताना ओढ्याचा काही भाग पाइपात जातो, पाणथळ जमीन भरावाखाली जाते, आणि त्या बदल्यात राज्य सरकार दुसरीकडे ओढा दुरुस्त करून देते. हे नेमके चालते कसे, त्यातून खरोखर ओढा उभा राहतो का, आणि पुण्याच्या रिंगरोडसारख्या कामात आपल्याकडे हे करता येईल का?

ओढा उभा राहतो, पण तीन गोष्टी जमल्या तरच: जागा योग्य हवी, ओढ्याचा तळ वर उचलून त्याला त्याचे पूरमैदान, म्हणजे पुराचे पाणी पसरते ती काठची सपाट जमीन, परत मिळायला हवे, आणि ती जमीन कायमची राखलेली हवी. यातले एकही चुकले तर कागदावर फूट आणि एकर दिसतात, पाण्यात जीव दिसत नाही.

आधी कायदा. अमेरिकेच्या 1972 च्या स्वच्छ पाणी कायद्यातील कलम 404 प्रमाणे ओढ्यात किंवा पाणथळीत भराव टाकायला लष्कराच्या अभियंता दलाचा, म्हणजे आर्मी कोअरचा परवाना लागतो, आणि कलम 401 प्रमाणे राज्याचे पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्र. क्रम ठरलेला आहे: आधी नुकसान टाळा, टाळता येत नसेल तर कमी करा, आणि तरीही उरेल त्याचीच भरपाई. रस्त्याची आखणी पन्नास फूट सरकवून पाणथळ वाचत असेल तर भरपाईचा विषयच निघत नाही. सर्वसाधारण परवान्यांमध्ये दशांश एकराहून जास्त पाणथळ गेली की भरपाई लागते. 2021 पासून ओढ्याच्या पात्रासाठी 3 शतांश एकराची अटही आली.

नॉर्थ कॅरोलायनाने 1996 मध्ये पाणथळ पुनर्स्थापनेचा राज्य कार्यक्रम सुरू केला. 2003 मध्ये राज्याचे पर्यावरण खाते, महामार्ग खाते आणि आर्मी कोअर यांच्यात करार होऊन तो कार्यक्रम मोठा झाला. आज त्याचे नाव डिव्हिजन ऑफ मिटिगेशन सर्व्हिसेस. त्यामागचा विचार साधा होता. महामार्ग खात्याला पुढच्या काही वर्षांत कुठल्या खोऱ्यात किती ओढे लागणार याचा अंदाज असतो. मग रस्त्याचे काम निघाल्यावर धावपळीत जमीन शोधण्यापेक्षा त्या खोऱ्यातली दुरुस्ती आधीच सुरू करायची. खासगी विकासकही परवान्यातल्या भरपाईइतकी फी या कार्यक्रमात भरू शकतो. फी भरली की ओढा करून देण्याची कायदेशीर जबाबदारी विकासकाकडून राज्याकडे जाते. 2008 च्या केंद्रीय नियमाने या पद्धतीला शिस्त लावली: आगाऊ विकलेल्या पहिल्या क्रेडिटपासून (क्रेडिट म्हणजे भरपाई मोजण्याचे एकक) तिसऱ्या पूर्ण वाढीच्या हंगामापर्यंत जमीन घेऊन मातीकाम आणि लागवड झालीच पाहिजे. प्रत्यक्ष काम बहुतेक वेळा खासगी कंपन्या निविदा भरून करतात: जमीन शोधण्यापासून शेवटच्या निरीक्षण अहवालापर्यंत सगळे त्यांच्याकडे, आणि पैसे टप्प्याटप्प्याने.

भरपाई मोजतात क्रेडिटमध्ये. मोडलेला ओढा पूर्ण नव्याने घडवला तर एका फुटाला एक क्रेडिट. तळ आणि काठ यांची बरीच दुरुस्ती केली तर दीड फुटाला एक, नुसते कुंपण, झाडे आणि थोडी डागडुजी केली तर अडीच फुटांना एक, आणि आधीच चांगला असलेला ओढा फक्त राखून ठेवला तर दहा फुटांना एक. ही नेहमीची गुणोत्तरे आहेत, जागेनुसार बदलतात. चांगल्या ओढ्याचे 500 फूट गेले आणि दुपटीने भरपाई मागितली, तर 1,000 क्रेडिट लागतात: नव्याने घडवलेला 1,000 फूट ओढा, किंवा कुंपण-लागवडीचा 2,500 फूट. या हिशेबात एक मोह दडलेला आहे. फूट मोजले जातात म्हणून वळणे जास्त दाखवायचा आणि गरज नसतानाही पोकलेन लावून 'पूर्ण पुनर्स्थापना' करायचा कल होतो. काठावर जुनी झाडे उभी आहेत, तळ फारसा खचलेला नाही, तिथे कुंपण घालून गुरे बाहेर काढणे हाच खरा उपाय असतो. आराखडा तपासताना सगळ्यात आधी हेच बघावे. पुनरावलोकन करणाऱ्या आंतरखात्यीय पथकातले लोक जागेवर फिरून नेमके यावरच वाद घालतात, आणि तो वाद आवश्यक आहे.

आता ओढा मोडतो कसा ते पाहू. राज्याच्या मधल्या टेकड्यांच्या पट्ट्यात, पीडमाँटमध्ये, जवळजवळ प्रत्येक शेतातला ओढा कधीतरी सरळ केलेला आहे. सरळ झाला की उतार वाढतो, पाणी तळ खणते, काठ उभे आणि उंच होतात, मग कोसळतात. पूर आला तरी पाणी काठावर चढत नाही. त्याची सगळी ताकद पात्रातच राहते आणि ते आणखी खणते. भूजलही तळाबरोबर खाली जाते, म्हणून कडेची पाणथळ कोरडी पडते. आपल्याकडे नाला खोलीकरण-रुंदीकरण हे सुधारणेचे काम मानले जाते. त्याचा हेतू पाणी साठवण्याचा असतो, तो वेगळा. पण ओढ्याची प्रकृती पाहायची तर खोल, सरळ, उभ्या काठांचा ओढा हा आजारी ओढा, आणि भरपाईच्या कामात नेमके उलटे करावे लागते.

मोजणीचा पाया म्हणजे काठभर पाण्याची पातळी: पाणी पात्र भरून पूरमैदानावर सांडू लागते ती. साधारण दीड वर्षातून एकदा ती येते आणि ओढ्याचा आकार मुख्यतः तीच घडवते. पीडमाँटच्या ग्रामीण ओढ्यांसाठी 1999 मध्ये प्रसिद्ध झालेली सूत्रे अजून वापरात आहेत. पाणलोट एक चौरस मैल, म्हणजे सुमारे 260 हेक्टर असेल, तर काठभर रुंदी 12 फूट, सरासरी खोली दीड फूट, काटछेद 21.4 चौरस फूट आणि प्रवाह सुमारे 89 क्युसेक. ही सूत्रे पडताळणीसाठी आहेत. डिझाइन करायचे ते त्याच भागातल्या एखाद्या स्थिर, जंगलातल्या ओढ्याची मोजमापे घेऊन. शहरी पाणलोटाला ग्रामीण सूत्र लावले तर पहिल्या पावसाळी वादळातच पात्र अपुरे पडते.

खचलेल्या ओढ्यात काठाची उंची काठभर खोलीच्या दीड-दोन पट निघते. काम झाल्यावर हे गुणोत्तर 1.2 च्या आत राहिले पाहिजे, आणि वळणदार ओढ्यात पुराच्या पाण्याला पसरायला पात्राच्या रुंदीच्या किमान 2.2 पट जागा हवी. हे साधायचे दोन मार्ग आहेत. पहिला, नवे उथळ पात्र मूळ मैदानाच्या पातळीवर खणायचे आणि जुना चर बुजवायचा. दुसरा, ओढा आहे त्या खोलीवरच ठेवून त्याच्या कडेला खालच्या पातळीवर नवे पूरमैदान खणून काढायचे. पहिला मार्ग उत्तम: भूजल वर येते, पाणथळ आपोआप जिवंत होते, माती वाहून न्यावी लागत नाही. दुसरा तेव्हाच, जेव्हा वर पूल, मोरी किंवा शेजाऱ्याची जमीन असल्याने तळ उचलता येत नाही. पुराच्या नकाशावर नोंदलेला ओढा असेल तर तळ उचलल्याने पूरपातळी वाढत नाही हे गणिताने दाखवावे लागते. हे शेवटी आठवले तर सहा महिने सहज जातात.

दुसऱ्या मार्गातला ठरलेला घोटाळा मातीचा आहे. चार-पाच फूट खणल्यावर वर येते ती लाल, चिकट, निर्जीव खालची माती. त्यात लावलेली झाडे मरत नाहीत, पण वाढतही नाहीत, आणि सातव्या वर्षी उंचीची अट चुकते. म्हणून वरची सुपीक माती आधी बाजूला रचून ठेवायची, खणून झाल्यावर किमान आठ-दहा इंच परत पसरायची, आणि यंत्रांच्या वजनाने दबलेली जमीन फाळाने फूटभर फोडायची. हा खर्च निविदेत सुटा दाखवलेला नसेल तर तो होणार नाही असे धरून चालावे.

पहिल्या मार्गातला धोका असतो टोकांना. वरच्या टोकाला खोल पात्रातून नव्या उथळ पात्रात पाणी चढवायचे तर उतार दरीच्या उतारापेक्षा कमी ठेवत न्यावे लागते. खालच्या टोकाला, जिथे आपली हद्द संपते, तिथे उंचावलेला ओढा शेजारच्या खचलेल्या पात्रात पुन्हा उतरवावा लागतो. हे दोन-तीन फूट एकाच दगडी पायरीवर सोडले तर पायरीखाली डोह खणला जातो, पायरी सुटते आणि खच मागे सरकत सगळे नवे पात्र खाऊन टाकतो. उतरण लांबवायची, प्रत्येक पायरी अर्ध्या फुटाच्या आसपास ठेवायची आणि पायरीच्या पायाचे दगड डोहाच्या अपेक्षित खोलीच्याही खाली न्यायचे.

बांधकाम शक्यतो कोरड्यात होते. नवे पात्र बाजूला खणून, काठ बांधून, पेरून तयार करायचे आणि मग पाणी वळवायचे. जुन्या जागीच काम असेल तर वर-खाली वाळूच्या पोत्यांचे बांध घालून पाणी पंपाने वळवतात, आणि संध्याकाळपर्यंत पुरा होईल तेवढाच तुकडा उघडतात. जुन्या चरात नुसती सैल माती ढकलली तर पाणी त्यातून आतल्या आत वाहत राहते आणि नवे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडते. दर काही अंतरावर चिकणमातीचा दाबून भरलेला बुच हवाच. जुन्या तळातला गोटा-वाळूचा थर फेकायचा नाही. तो काढून नव्या खळाळांवर, म्हणजे उथळ, वेगाने वाहणाऱ्या भागांवर, पसरायचा, कारण त्यात त्या ओढ्याचे किडे-अळ्या असतात आणि त्याचा आकार त्या प्रवाहाला आधीच जुळलेला असतो.

पाणी काठापासून मध्याकडे वळवण्यासाठी लाकडी किंवा दगडी पंख बसवतात. काठाशी कोन 20 ते 30 अंश, आणि पंख काठाकडून तळाकडे 2 ते 7 टक्के उतरता. ते पडतात ते दोन कारणांनी. पंखाचे टोक काठात पुरेसे आत रोवलेले नसते, मग पाणी मागून वाट काढते. किंवा पायाचा दगड उथळ असतो आणि फटी बुजवलेल्या नसतात, मग पाणी वरून न जाता खालून जाते. वरच्या बाजूने जाड कापड तळापर्यंत नेऊन त्यावर बारीक-मोठा मिश्र गोटा ठासला की दुसरा दोष जातो. माझे मत असे आहे की आजही दगड गरजेपेक्षा जास्त वापरला जातो. लहान ओढ्यांत ओंडके, मुळांचे गड्डे आणि फांद्यांचे थर जास्त चांगले काम करतात, आणि माशांना आडोसाही देतात.

काठावर जी जाळी पसरतात ती नारळाच्या काथ्याची. काथ्या मुख्यतः भारत आणि श्रीलंकेतून जातो, म्हणजे कोकणच्या माणसाला हे साहित्य ओळखीचे आहे. वजन साधारण 700 ग्रॅम प्रति चौरस मीटर असलेली विणलेली जाळी घ्यायची. खाली आधी बी आणि गवताचा पेंढा, मग जाळी. वरची कड चरात पुरून मातीने दाबायची, खालची कड तळाच्या पातळीखाली न्यायची, आणि लाकडी खुंट्या दाट ठोकायच्या. खालची कड मोकळी राहिली तर पहिल्याच लोंढ्यात जाळी उलटते आणि तिच्यासकट काठ जातो. दोन-चार वर्षांत काथ्या कुजतो, तोवर मुळांनी काठ धरलेला असतो. प्लॅस्टिकची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यात साप अडकून मरतात, ती नकोच.

त्या जाळीतून हिवाळ्यात, झाडे सुप्त असताना, विलो, सिल्की डॉगवुड, एल्डरबेरी यांच्या दोन-तीन फुटी जिवंत काड्या ठोकतात. काडीचा दोन-तृतीयांशाहून जास्त भाग जमिनीत आणि टोक ओलाव्यापर्यंत पोचलेले हवे. उलटी ठोकलेली काडी फुटत नाही, म्हणून कापतानाच खालचे टोक तिरके छाटून घ्यावे. मागच्या पट्ट्यात उघड्या मुळांची रोपे: रिव्हर बर्च, सिकमोर, वेगवेगळे ओक. आठ फुटांवर एक धरले तर एकरी 680. हा पट्टा प्रत्येक काठाला पीडमाँट आणि किनारी मैदानात किमान 50 फूट, डोंगरात 30 फूट. उन्हात मुळे अर्धा तास उघडी राहिली की रोप गेलेच समजा. रोपांची ओली पोती सावलीत ठेवण्यावर एक माणूस फक्त त्यासाठीच नेमावा.

पाणथळीचे काम दिसायला सोपे असते, पण फसते जास्त. किनारी मैदानात शेतासाठी खणलेले चर बुजवले की पाणी परत येते, हा हिशेब बरोबर आहे. पण चर आडवा किती अंतरापर्यंत जमीन सुकवत होता हे मातीवर अवलंबून असते. ते काढायला नॉर्थ कॅरोलायना स्टेट युनिव्हर्सिटीचे वेन स्कॅग्ज यांनी विकसित केलेले ड्रेनमॉड हे संगणकी प्रारूप वापरतात. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची: आपला चर बुजवल्यावर शेजाऱ्याचे शेत ओले झाले तर खटला ठरलेला. म्हणून हद्दीचा चर उघडा ठेवून आतले बुजवतात, आणि त्या चराच्या प्रभावातली कड क्रेडिटमधून वगळतात. जमीन सपाट करून सोडू नये. सहा इंचांचे उंचसखल राहू दिले तर पाणी थांबते आणि बी वेगवेगळ्या ओलाव्यात रुजते.

मग सात वर्षांचे निरीक्षण. इथे कार्यक्रमाचा कस लागतो. दहा मीटर बाय दहा मीटरच्या चौकोनांत झाडे मोजतात. एकरी तिसऱ्या वर्षी 320, पाचव्या वर्षी 260, सातव्या वर्षी 210 झाडे जिवंत हवीत. म्हणजे एका चौकोनात 8, मग 7, मग 6. सातव्या वर्षी सरासरी उंची 10 फूट, डोंगरी जिल्ह्यांत 8. सात वर्षांत निदान चार वेगवेगळ्या वर्षी पाणी काठावर चढलेले दिसले पाहिजे. त्यासाठी स्वयंचलित पातळीमापक असतात, शिवाय एक जुनी साधी युक्ती: भोके पाडलेल्या उभ्या नळीत काठी आणि तळाशी बुचाच्या लाकडाचा भुसा. पूर आला की भुसा तरंगत चढतो आणि सर्वोच्च पातळीला काठीवर चिकटून रेघ उमटते. वाचून झाले की काठी पुसायची. पुसायचे राहिले तर पुढच्या वेळी एकच पूर दोनदा मोजला जातो. पाणथळीत नळकूप बसवून पाणी जमिनीपासून 12 इंचांच्या आत सलग किती दिवस राहते ते बघतात. वाढीचा हंगाम 230 दिवसांचा आणि अट त्याच्या 12 टक्क्यांची असेल तर सलग 28 दिवस. 25 व्या दिवशी पाणी खाली गेले की मोजणी पुन्हा शून्यापासून. पावसाची नोंद शेजारी नसेल तर कोरड्या वर्षातले अपयश आणि डिझाइनचे अपयश वेगळे करता येत नाही.

या काळात त्रास देणारे ठरलेले असतात. चायनीज प्रिव्हेट, मल्टिफ्लोरा गुलाब, कुडझू यांचे तण, रोपांना गुदमरवणारे फेस्क्यू गवत, जे लागवडीआधीच मारावे लागते, आणि बिव्हर हा झाडे कुरतडणारा पाण्यातला प्राणी. तो धरण बांधतो, खळाळ बुडतात, कोवळी झाडे पाण्यात मरतात, म्हणून त्याला पकडून हटवतात. मला हे नेहमी खटकते, कारण या प्रदेशातल्या पाणथळी मुळात बिव्हरनेच घडवल्या. पाचव्या वर्षानंतर झाडे तगली असतील तर त्याला राहू द्यावे या बाजूचा मी आहे. माणसांचा त्रास वेगळाच: शेजारी हद्दीच्या आत गवत कापतो, गुरे कुंपण मोडून येतात. जमीन मालकाचीच राहते, पण तिच्यावर राज्याच्या नावे कायमचा संवर्धन हक्क नोंदवलेला असतो, सातबाऱ्यावरच्या बोजासारखा. जमीन विकली तरी तो नव्या मालकाला लागू. हद्दीवर ठळक फलक आणि वर्षातून एक फेरी नसेल तर दहा वर्षांनी पट्टा अर्धा झालेला आढळतो.

आता 'खरेच ओढा होतो का' याचे उत्तर. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या राज्यव्यापी अभ्यासात पाणथळीच्या भरपाईचे यश सुमारे 74 टक्के आणि ओढ्यांचे 75 टक्के आढळले. हे यश परवान्याच्या अटींचे, म्हणजे स्थिर काठ, झाडे, भूजल यांचे. पाण्यातल्या किड्यांचे काय, तर मार्गारेट पामर यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले आहे की पात्राला आकार दिल्याने जीव परत येतीलच असे नाही. वरचे पाणलोट डांबर आणि छपरांनी भरलेले असेल तर तळ कितीही छान घडवा, मेफ्लाय आणि स्टोनफ्लाय हे स्वच्छ पाण्यातले किडे येत नाहीत. म्हणूनच जागेची निवड डिझाइनहून मोठी. यातून एक अवघड गोष्टही निघते: नुकसान शॉर्लट-रॅलेच्या शहरी भागात होते आणि भरपाई त्याच खोऱ्यातल्या स्वस्त ग्रामीण जमिनीवर. खोरे तेच राहते, पण शहरातल्या माणसाच्या दारचा ओढा गेलेलाच असतो. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या सॅकेट निकालाने केंद्रीय संरक्षणातून बऱ्याच पाणथळी वगळल्या, आणि त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलायनाने राज्याचे संरक्षणही केंद्राच्या व्याख्येपुरते आखडून घेतले. ज्या पाणथळीला परवानाच लागत नाही तिची भरपाईही होत नाही. हे मला डिझाइनमधल्या कुठल्याही चुकीपेक्षा गंभीर वाटते.

महाराष्ट्राबद्दल. आपल्याकडे वनजमीन वळवली तर पर्यायी वनीकरण करावे लागते, आणि त्या निधीसाठी 2016 चा कायदा आहे. ओढ्याची लांबी मोजून त्या लांबीची भरपाई मागणारा तसा कायदा नाही. तरी एखाद्या मोठ्या रस्त्याच्या प्रकल्पात हे अटींमध्ये घालता येईल. त्यासाठी आधी आखणीतला प्रत्येक ओढा क्रमांक, लांबी, पाणलोट आणि आजची अवस्था यांसह नोंदवा. नॉर्थ कॅरोलायनाची रुंदी-खोलीची सूत्रे दख्खनला लावू नका. चार महिन्यांच्या पावसावर वाहणाऱ्या, कातळाच्या तळाच्या ओढ्यांचे काटछेद आपले आपणच मोजावे लागतील, पावसाळ्याच्या लगेच नंतर, पुराच्या खुणा ताज्या असताना. काळ्या जमिनीत चिकणमातीचा बुच उन्हाळ्यात भेगाळतो, तिथे मुरूम मिसळून थर द्यावा लागेल. भरपाईची जागा त्याच उपनदीच्या खोऱ्यात धरा. आणि निविदेत मातीकामाचे पैसे एका रकमेत देऊ नका. निदान तिसरा हिस्सा पाच पावसाळ्यांनंतर जिवंत झाडे आणि टिकलेला काठ मोजूनच सोडा.